वाटणी अडवण्यात गेलेले सात आठवडे

'क्रुसेडर किंग्ज थ्री' हा मध्ययुगीन राजघराणं चालवायचा संगणकावरचा खेळ; राजा मेला की आपण त्याच्या वारसाच्या रूपात पुढे खेळतो. त्यात राजा मेला की त्याच्या राज्याचं नेमकं काय होतं, हे नीट समजायला मला तीन राजे आणि सात आठवडे लागले. सुरुवातीला हाती होता तो एकच सल्ला: पार्टिशन, म्हणजे राज्य मुलांत वाटून टाकणारा वारशाचा कायदा, वाईट, लवकर बदला. पण बदल हाती येईपर्यंत गेममधली पन्नास वर्षं निघून जातात. ती पन्नास वर्षं काढायची कशी, यावर मी सगळ्यात जास्त अडले. म्हणून जे जसं घडलं ते तसंच लिहून ठेवते आहे.

३ मेच्या रात्री खेळ सुरू केला. गेममधली तारीख १५ सप्टेंबर १०६६, जागा आयर्लंड, राजा मन्स्टरचा मुर्चाड. नवख्या खेळाडूला गेम स्वतःच या माणसापाशी आणून बसवतो. बेट छोटं, शेजारी साधारण आपल्याच ताकदीचे, आणि पहिली काही वर्षं बाहेरून मोठं संकट येत नाही. मुर्चाड हा ब्रायन बोरूचा नातू. तोच ब्रायन, जो १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत पडला. घराणं मोठं, राज्य लहान. मी आयर्नमॅन चालू ठेवलं होतं. त्यात सेव्ह एकच असतो, मागे जाऊन चूक पुसता येत नाही. पहिल्यांदाच खेळणाऱ्याने हे करू नये असं म्हणतात, पण माझा अनुभव उलटा आहे. मागे जाता आलं असतं तर मी प्रत्येक मृत्यूच्या आधीचा सेव्ह उघडला असता आणि नियम कधीच शिकले नसते.

पहिला आठवडा लढायांत गेला. १०७९ पर्यंत शेजारच्या कॉनाक्टच्या काउंट्या, म्हणजे लहान परगणे, एकेक करून घेतल्या आणि त्या डचीचं, म्हणजे अशा काही काउंट्यांच्या प्रांताचं, टायटलही मिळवलं. आता मुर्चाडकडे दोन डच्या होत्या आणि सहा काउंट्या थेट त्याच्या हातात होत्या. तिजोरीत सोनं साठत होतं. तीन मुलगे होते, तिघेही धडधाकट. स्क्रीनच्या वरच्या बाजूला एक सूचना येऊन बसली होती की राजा बदलताना काही टायटलं हातची जातील. मी ती वाचली आणि बाजूला सारली. एखादी काउंटी जाईल, एवढाच तिचा अर्थ मी घेतला होता.

१०८७ च्या फेब्रुवारीत मुर्चाड गेला. पुढच्या क्षणी नकाशावर आयर्लंडच्या पश्चिमेचा रंग बदलला. थोरल्याला, म्हणजे आता मला, मन्स्टर आणि तीन काउंट्या. मधल्याला कॉनाक्ट आणि दोन काउंट्या. धाकट्याला एक काउंटी. धाकटा माझा व्हॅसल, म्हणजे मांडलिक, राहिला, पण मधला पूर्ण स्वतंत्र झाला. काल रात्रीपर्यंत जे सैन्य माझं होतं, त्यातलं जवळजवळ निम्मं आता सीमेपलीकडे उभं होतं. मी खेळ थांबवला आणि त्या रात्री पुढे गेलेच नाही. खूप वाईट वाटलं. आठवडाभराची मेहनत होती, आणि ती कुठल्या शत्रूने नाही तर मी स्वतः वाढवलेल्या, शिकवलेल्या मुलाने नेली होती.

दुसऱ्या दिवशी रेल्म पॅनेलमधला सक्सेशन टॅब, म्हणजे कोणाला काय जाणार ते दाखवणारी यादी, उघडून तासभर नुसता वाचला. तिथे जे कळलं ते आधी माहीत असतं तर मुर्चाडची शेवटची दहा वर्षं मी वेगळी खेळले असते.

वाटणी मुलं किती यावर होते असं आपल्याला वाटतं. खरी मेख आहे ती टायटलांच्या दर्जात. काउंटी, डची, किंगडम, एम्पायर अशी ही उतरंड आहे. तुमचं सगळ्यात मोठं टायटल ज्या दर्जाचं आहे, त्याच दर्जाचं दुसरं टायटल तुमच्याकडे असेल, तर ते घेणारा मुलगा तुमच्या वारसाच्या बरोबरीचा होतो, आणि बरोबरीचा माणूस कोणाचा व्हॅसल राहत नाही. माझ्याकडे दोन डच्या होत्या, वर काही नव्हतं. म्हणून मधला सुटला. त्या जागी माझ्याकडे आयर्लंडचं किंगडम असतं, तर तोच मुलगा तीच डची घेऊन माझ्या वारसाखाली राहिला असता. दुःख झालं असतं, पण राज्य फुटलं नसतं. तेव्हा मी एक नियम ठरवला: वरच्या दर्जाचं टायटल मिळेपर्यंत दुसरी समान दर्जाची गोष्ट स्वतःकडे ठेवायची नाही. हा नियम अपुरा आहे हे मला पुढे कळलं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. खऱ्या इतिहासात १०८६ मध्ये मन्स्टरचा राजा टॉर्डेल्बाख वारला, तोही याच ओ'ब्रायन घराण्यातला. त्याचं राज्य तीन मुलांत वाटलं गेलं. त्यातला एक त्याच वर्षी गेला, आणि उरलेल्या दोघांपैकी मुर्हेर्ताखने भावाला हाकलून सगळं मन्स्टर स्वतःकडे घेतलं. माझ्या गेमचा आणि इतिहासाचा फरक एका वर्षाचा होता. हे वाचल्यावर माझा राग ओसरला. हा नियम खेळाडूला छळायला कोणी शोधून काढलेला नाही, भाऊबंदकी तिथे खरोखर अशीच चालत होती.

दुसरा राजा, म्हणजे थोरला, सुरुवातीला फार कमजोर होता. नव्या राजाला व्हॅसल लोक लगेच मानत नाहीत. कारकीर्द कोवळी असल्याचा मोठा उणा आकडा त्यांच्या मतात धरलेला असतो आणि तो वर्षांमागून वर्षं हळूहळू कमी होतो. पहिल्याच वर्षी दोघांनी मिळून फॅक्शन, म्हणजे राजाविरुद्धचा गट, उभी केली. मी सोनं वाटून एकाला बाहेर काढलं आणि ती मोडली. इथे एक बारीक पण मोलाची गोष्ट कळली. प्रेस्टीज (प्रतिष्ठा) आणि पायटी (धर्मनिष्ठा) हे साठवायचे आकडे आहेत; ती त्या त्या माणसाची असते, ती मुलाला मिळत नाही. सोनं मात्र वारसाकडे येतं. मुर्चाडने मरताना बरीच प्रेस्टीज न वापरता सोडली होती, ती वाया गेली. राजा म्हातारा होऊ लागला की प्रेस्टीज खर्चून टाका आणि सोनं जपून ठेवा.

आपल्या बापाच्या टायटलांवर मुलांचा क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, असतोच. त्यावर १०९० मध्ये मधल्या भावाशी युद्ध पुकारलं आणि पुढच्या वर्षी कॉनाक्टची डची परत घेतली. त्या युद्धात मला साडेतीनशेच्या आसपास सोनं आणि एक चांगला सेनापती गमवावा लागला. भाऊ मेला नाही, मी मारलाही नाही. त्याला विष घालायचा पर्याय समोर होता आणि त्याला मूल नसल्याने सगळं माझ्याकडे आलंही असतं. पण आप्तहत्येचा डाग उघड झाला तर सगळं घराणं आणि निम्मे व्हॅसल विरोधात जातात. शिवाय, खरं सांगते, मुर्चाड असताना याच पोराला मी हाताने शिकवलं होतं. माझ्याने ते बटण दाबवलं नाही. तो माझा व्हॅसल म्हणून राहिला. हा भाऊ पुढे परत येणार आहे.

१०९८ मध्ये आयर्लंडच्या निम्म्याहून जास्त काउंट्या हातात आल्या आणि किंगडम तयार केलं. सोन्याची पाच वर्षांची बचत त्यात गेली. तो मला सात आठवड्यांतला सगळ्यात समाधानाचा क्षण वाटला. मी सक्सेशन टॅब उघडला, चार मुलगे दिसले, आणि चौघांपैकी कोणीही स्वतंत्र होत नव्हता. नियम समजल्याचा पुरावा डोळ्यांसमोर होता.

पुढच्या सतरा वर्षांत मी वेल्सकडे वळले आणि १११५ पर्यंत तिथला निम्म्याहून जास्त भाग घेतला. वेल्सचं किंगडम माझ्याकडे नव्हतं, ते मी मुद्दाम तयार केलं नव्हतं. तरीही यादीत दुसऱ्या मुलाच्या नावापुढे वेल्सचं किंगडम दिसायला लागलं. अर्धा तास मला काही सुचलं नाही. जे टायटल अस्तित्वातच नाही, ते कोणी कसं घेऊन जाईल?

कारण माझ्या राज्याचा कायदा कॉन्फेडरेट पार्टिशन हा होता. या कायद्यात राजा मेला की त्याने धरलेल्या जमिनीतून जी समान दर्जाची टायटलं बनू शकतात, ती गेम स्वतःहून बनवतो आणि धाकट्या मुलांना देतो. म्हणजे टायटल न बनवणं हा यावरचा उपाय नव्हता. तीन वाटा होत्या. पहिली, वेल्समधल्या काउंट्या सोडून निम्म्याच्या खाली यायचं. दुसरी, वर एम्पायर तयार करायचं, पण त्यासाठी त्या एम्पायरच्या ऐंशी टक्के काउंट्या लागतात आणि ते माझ्या आवाक्यात नव्हतं. तिसरी, साध्या पार्टिशनचा कायदा आणायचा. त्यातही वाटणी होते, पण नवीन टायटलं जन्माला येत नाहीत.

साधं पार्टिशन हेरेडिटरी रूल नावाच्या इनोव्हेशनने, म्हणजे नव्या शोधाने, मिळतं. इनोव्हेशन ही संस्कृतीची असते, राजाची नाही, आणि कुठली आधी शोधायची हे त्या संस्कृतीचा प्रमुख ठरवतो. किंगडम झाल्यावर आयरिश संस्कृतीचा प्रमुख मीच झाले होते. तेव्हा, १०९८ मध्ये, मी लक्ष दुसऱ्याच, सैन्याच्या इनोव्हेशनवर लावून ठेवलं होतं. ती पूर्ण होईपर्यंत दहा वर्षं गेली. ११०८ मध्ये हेरेडिटरी रूल लावलं आणि ते हातात आलं ११२१ मध्ये. संस्कृतीचं पॅनेल सहसा कोणी उघडत नाही, मीही उघडत नव्हते. तुम्ही प्रमुख झाल्याचं कळताच पहिल्या दिवशी ते उघडा. ती दहा वर्षं मला फार महागात पडली.

महागात पडली ती १११६ मध्ये. माझा थोरला मुलगा, चोवीस वर्षांचा, लढण्यात उत्तम, वारस, वेल्समधल्या एका लढाईत मारला गेला. त्याला लढाईवर मी पाठवलं नव्हतं. ज्यांची शौर्याची पातळी चांगली आहे अशांना गेम आपोआप नाइट म्हणून निवडतो, आणि नाइट लढाईत मरू शकतात. सैन्याच्या पॅनेलमध्ये नाइटांची यादी असते, तिथे प्रत्येकापुढे मनाई करायची सोय आहे. दोन क्लिकचं काम. मी ते केलं नव्हतं. सूचना आली तेव्हा पहाट व्हायला आली होती. मी हेडफोन काढून ठेवला आणि बराच वेळ त्याच्या चित्राकडे बघत बसले. गेममधला माणूस असला तरी त्याचा जन्म, त्याचं बालपण, त्याची शिकवणी सगळं बघितलेलं असतं.

आणि वारस कोण झाला? दुसरा मुलगा नाही. मेलेल्या थोरल्याचा मुलगा दुसऱ्या मुलाच्या आधी येतो. माझा वारस आता तीन वर्षांचा नातू होता. राजा पंचावन्नचा. तो सोळा वर्षांचा होईपर्यंत मी जगले नाही तर राज्य रीजंटच्या, म्हणजे त्याच्या वतीने कारभार बघणाऱ्याच्या, हातात, आणि वर वेल्स सुटणार. ४ जूनपर्यंत मी खेळ नुसता पॉझ करून ठेवला होता.

मग एक दिवस टायटलाच्या पॅनेलमध्ये टॅनिस्ट्री दिसली. आयरिश राजांना हा निवडणुकीचा कायदा एखाद्या टायटलावर लावता येतो. मतदार घराण्यातल्याच माणसाला निवडतात आणि वयाने मोठ्या, अनुभवी माणसाकडे त्यांचा कल असतो. खऱ्या आयर्लंडमध्येही राजा जिवंत असतानाच घराण्यातून उत्तराधिकारी निवडायची पद्धत होती, ती याच नावाने ओळखली जाते. तीन वर्षांच्या पोरापेक्षा दुसरा मुलगा निवडून येईल या हिशेबाने मी साठवलेली जवळजवळ सगळी प्रेस्टीज खर्च करून १११७ मध्ये आयर्लंडच्या किंगडमवर टॅनिस्ट्री लावली.

मतं पडली ती भावाला. तोच मधला भाऊ, कॉनाक्टवाला, आता त्रेपन्नचा, अनुभवी आणि सगळ्यांचा आवडता. आणि त्याहून वाईट गोष्ट सक्सेशन टॅबमध्ये दिसली: मुकुट एकीकडे आणि जमीन दुसरीकडे चालली होती. टायटलावर लावलेला निवडणुकीचा कायदा फक्त त्या टायटलापुरता असतो. हातातल्या काउंट्या जुन्या कायद्याने मुलानातवंडांत वाटल्या जाणार होत्या. म्हणजे भाऊ राजा होणार, पण त्याच्याजवळ त्याच्या स्वतःच्या दोन काउंट्या, आणि माझं सगळं सैन्य ज्या जमिनीतून उभं राहतं ती नातवंडांकडे. असा राजा दोन वर्षं टिकला नसता.

हे सुधारायला गेममधली चार वर्षं आणि माझे तीन रविवार लागले. आधी मतदारांची यादी काढून प्रत्येकाचं मत कशावर अवलंबून आहे ते टूलटिपमध्ये बघितलं. दोघांना सोन्याच्या भेटी दिल्या, एकाचं मन वळवायला चॅन्सलरला नाही तर राजालाच लावलं, म्हणजे स्वे ही मन जिंकायची योजना सुरू केली. एकाचं गुपित माझ्या हेरप्रमुखाला सापडलं होतं, त्यावरून हुक, म्हणजे त्याच्यावर दबाव टाकायचं साधन, मिळाला आणि त्याचं मत फिरलं. १११९ मध्ये भाऊ आजारपणात गेला. मला हलकं वाटलं आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. बत्तीस वर्षं तो कुठल्या ना कुठल्या यादीत माझ्यासमोर होता. माझा दुसरा मुलगा पुढे आला. मग माझ्या हातातल्या तीन काउंट्या मी जिवंतपणीच त्याच्या नावावर केल्या. दिलेली जमीन त्याचीच, ती वाटणीत यायचा प्रश्न उरत नाही, आणि तो राजा झाला की ती मुकुटाखालीच येते. माझं उत्पन्न चांगलंच घटलं, पण निवडणुकीचा कायदा लावणाऱ्यांनी हे करायलाच हवं.

तिसरा मुलगा धार्मिक वृत्तीचा होता. त्याला मठाची दीक्षा घ्यायला सांगितलं, तो आनंदाने तयार झाला आणि वारसांच्या यादीतून आपोआप बाहेर पडला. मुलाचा स्वभाव झीलस, म्हणजे कट्टर धार्मिक, असेल तर हा मार्ग सगळ्यात हलका आहे. चौथ्याला बेदखल करायचा विचार केला होता. तो अधिकार फक्त घराण्याच्या प्रमुखाला असतो, त्यासाठी रिनाऊन, म्हणजे सगळ्या घराण्याने मिळून कमावलेली कीर्ती, खर्चावी लागते आणि नातलग चिडतात. दुसरा काही मार्ग असेपर्यंत तो वापरू नये असं माझं मत झालं. चौथ्याला वेल्समधली एक डची दिली, आणि तो पुढची बरीच वर्षं माझ्या बाजूने लढला.

११२१ मध्ये हेरेडिटरी रूल आलं. अटी सगळ्या हिरव्या होईपर्यंत आणखी काही महिने थांबून कायदा साध्या पार्टिशनवर आणला. यादीतून वेल्सचं किंगडम नाहीसं झालं. ११२४ मध्ये राजा गेला. नकाशाचा रंग बदलला नाही. थोरल्याच्या घराकडे एक काउंटी गेली, बाकी सगळं मुकुटाखाली राहिलं. मी टाळ्या वाजवल्या, एकटीच होते तरी.

तिसऱ्या राजाला मुलगे झालेच नाहीत, तीन मुली झाल्या. इथला धडा छोटा आहे, पण चुकला तर खेळच संपतो. मुलगी वारस असेल तर तिचं लग्न मॅट्रिलिनियल, म्हणजे मुलं आईच्या घराण्याची होतील असं, हवं, नाही तर तिची मुलं नवऱ्याच्या घराण्याची होतात. थोरलीची सोयरीक मी ती पाच वर्षांची असताना एका परदेशी राजपुत्राशी साध्या पद्धतीने ठरवून टाकली होती, तेव्हा मुलगा होईल अशी आशा होती. ती चौदा वर्षांची झाल्यावर माझ्या लक्षात आलं. सोयरीक मोडली, प्रेस्टीज गेली, त्या राजाशी संबंध बिघडले. मॅट्रिलिनियल लग्नाला दोन घरांनी नकार दिला, तिसऱ्याने मान्य केलं, तोही एका ड्यूकचा चौथा मुलगा. मुलगा गुणी निघाला. लग्नाच्या खिडकीत ती खूण शेवटचं बटण दाबण्याआधी दर वेळी बघा.

मग पुन्हा मतदार. थोरल्या मुलीला निवडून आणायला पाच वर्षं सोन्याच्या भेटी चालू होत्या. दोन काउंट्या आधीच तिच्या नावावर केल्या. राजा पन्नाशीला आल्यापासून मी दर दोन वर्षांनी, खेळ थांबवून, सक्सेशन टॅब उघडत होते आणि कागदावर तारीख घालून कोणाला काय जाणार ते लिहीत होते. एखादं नाव बदललं की लगेच दिसतं. चांगला वैद्यही दरबारी ठेवला होता, त्याने किमान एकदा राजाला वाचवलं.

२१ जूनच्या रात्री, गेममधल्या ११४९ च्या ऑक्टोबरात, तो गेला. मुलगी चोवीस वर्षांची, राणी. आयर्लंड एक, वेल्स तिच्याखाली, सातपैकी सहा काउंट्या तिच्याकडे. तिजोरीत वडिलांनी ठेवलेलं ६१० सोनं. तिच्याविरुद्ध फॅक्शन तिसऱ्याच महिन्यात उभी राहिली, तिची ताकद बहात्तर टक्क्यांवर होती. मी यादी उघडली, त्यातले दोन सगळ्यात मोठे ड्यूक, म्हणजे डच्यांचे मालक, निवडले आणि पहिली भेट तिच्या काकाला, म्हणजे वेल्समध्ये डची दिलेल्या त्या चौथ्या मुलाला, पाठवली.